पहिली चकली कोण चाखणार?

दिवाळीच्या फराळात चकलीइतका बेभरवशाचा पदार्थ दुसरा नाही. भाजणी तीच, सोऱ्या तोच, हातही तोच. पण मोहन जरा जास्त झाले की चकली तेलात पडताच विरघळून तिचा चुरा होतो, आणि कमी झाले तर ती अशी कडक होते की दातांचा विचार करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. म्हणून जाणती गृहिणी सगळा घाणा एकदम तळायला घेत नाही. आधी एकच चकली तेलात सोडते, ती फुटते का पाहते, निवल्यावर मोडून पाहते, घरातल्या कुणाला तरी चाखायला देते, आणि मग लागेल तशी पिठाची दुरुस्ती करून पुढे जाते. अनारशाचेही तसेच. पहिलाच अनारसा तुपात 'हसला' तर बाकीच्यांना हसू न देण्याची तजवीज वेळीच करता येते.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळी अंकात पाककृतींची पाने वेगळी असतात, हे सदर त्यात कशाला घुसले? तर त्याला कारण एका वाचक भगिनींचे पत्र. त्या ठाण्याच्या. मुलगी पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला आहे. त्या लिहितात : "पाच वर्षे झाली, पण मुलगी नेमके काय करते ते मला कुणाला सांगता येत नाही. विचारले तर म्हणते, दुसऱ्यांनी केलेले मोडून पाहते. आता व्याही म्हणतात, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, हे काम काही राहायचे नाही. खरे काय ते सांगाल का?"

या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा आहे, दुसरा तितका नाही. सोप्यापासून सुरुवात करू.

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेली सूचनांची यादी. ती लिहिणारा हुशार असतो, पण लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे एक शहाणे, सरळमार्गी गिऱ्हाईक असते. ते नाव नीट लिहिते, वय खरे सांगते, बटण एकदाच दाबते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही! आपण घाईत बटण तीनदा दाबतो, नावाच्या रकान्यात पत्ता लिहितो आणि पैसे भरता भरता मधेच फोन आला म्हणून सारे अर्धवट सोडून देतो. तपासनिसाचे काम असे की, गिऱ्हाईक जे जे काही करील ते आधी आपण करून पाहायचे. विम्याचा अर्ज १८ ते ६० वर्षे वयाच्या माणसांसाठी असेल, तर चांगली तपासनीस ३५ हा आकडा घालून समाधान मानत नाही. ती १७, १८, ६० आणि ६१ घालून पाहते. कारण चुका बहुधा कुंपणाच्या कडेला लपलेल्या असतात. ती वयाच्या जागी शून्य घालते, उणे पाच घालते, जन्मतारीख २९ फेब्रुवारी देते. गाडीत एकच बर्थ उरली असताना दोघांनी एकाच क्षणी पैसे भरले तर बर्थ कुणाला मिळते, आणि ज्याला मिळत नाही त्याचे पैसे परत जातात की हवेत विरतात, हेही ती पाहते. तेव्हा या बाईंनी व्याह्यांना खुशाल सांगावे की आमची मुलगी कंपनीची पहिली चकली चाखते.

या धंद्यातली एक जुनी गंमत सांगण्यासारखी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या प्रचंड यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तेथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवले की प्रत्यक्ष 'बग' सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. यंत्रातल्या दोषाला बग, म्हणजे किडा, म्हणण्याची चाल इंजिनिअर लोकांत त्याआधीपासूनच होती. म्हणून तर त्यांना ते सुचले. आज हिंजवडीतली मुले रात्री उशिरापर्यंत जे शोधत बसतात, ते हेच किडे.

मात्र चकलीत आणि सॉफ्टवेअरमध्ये एक मोठा फरक आहे. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. भाताला ते लागू पडते, कारण एका पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. सॉफ्टवेअरचे तसे नसते. त्यात दहा हजार शिते मऊ निघतील आणि पुढचे एक कच्चे राहील. डच शास्त्रज्ञ एट्सगर डाइक्स्ट्रा यांनी सुमारे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी बजावून ठेवले की, चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते. दोष नसल्याचे सिद्ध करता येत नाही. तपासनिसाची सगळी तपश्चर्या ही अशी अपुरी राहण्यासाठीच असते.

पूर्वी ही तपश्चर्या हाताने चाले. नवे सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बाहेर पडे, तपासनिसांना काही आठवडे मिळत, आणि ते लांबलचक याद्या घेऊन एकेक कलम तपासून खूण करीत. पुढे यंत्रानेच यंत्र तपासण्याची युक्ती निघाली. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स नावाच्या कंपनीतल्या जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे साधन तयार केले. माणसाऐवजी तेच पडद्यावरची बटणे दाबते, रकाने भरते आणि आलेले उत्तर ताडून पाहते. त्या काळी चाचणीच्या साधनांच्या बाजारात मर्क्युरी नावाची बडी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा, म्हणून थट्टेने दिलेले हे नाव पुढे जगभर रूढ झाले.

या साधनांचा फायदा उघड आहे. माणूस तीच दोनशे कलमे रोज तपासून कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. पण त्याचा स्वभाव एखाद्या आज्ञाधारक गड्यासारखा आहे. 'दाराला कडी आहे का पाहा' म्हटले तर तो कडी पाहून येईल. शेजारची खिडकी सताड उघडी असली तरी त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. त्याला ते कुणी विचारलेले नसते.

आणि तपासणी झटपट होऊ लागल्याबरोबर धंद्याने काय केले? वाचलेला वेळ तपासनिसाला दिला नाही. सॉफ्टवेअर वर्षाऐवजी महिन्याला, मग आठवड्याला, आणि कित्येक ठिकाणी दिवसातून अनेकदा बदलायला सुरुवात केली. मिक्सर आला म्हणून गृहिणीला विश्रांती मिळाली का? पाहुण्यांची संख्या वाढली!

या घाईचा दाखला म्हणून अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या कंपनीची हकीकत सांगतात. शेअरबाजारात लोकांच्या वतीने खरेदी-विक्री करणारी ही मोठी पेढी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती, आणि तिच्यासाठी पेढीने नवे सॉफ्टवेअर तयार केले. ते आठ यंत्रांवर चढवायचे होते. ज्याच्याकडे काम होते त्याने ते सात यंत्रांवर चढवले आणि आठवे राहून गेले. दुसऱ्या कुणी मोजून पाहावे, असा नियमच कंपनीत नव्हता. त्या आठव्या यंत्रात एक जुना कार्यक्रम निजलेला होता. त्याचा वापर २००३ सालीच बंद झालेला. २००५ साली त्याच्या आसपासच्या रचनेत फेरफार झाला तेव्हा, वापरातच नाही म्हणून, त्याची पुन्हा चाचणी कुणी घेतली नाही. नव्या योजनेसाठी जो इशारा ठरवला होता, तोच या कुंभकर्णाला जागे करणाराही इशारा होता. बाजार उघडला आणि तो जागा झाला.

पंचेचाळीस मिनिटांत त्याने १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांवर सौदे केले. पेढीचे ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झाले, आणि दुसऱ्या वर्षी ती दुसऱ्याच कंपनीत विलीन झाली. पण या हकीकतीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकन सरकारच्या चौकशीत निघाले ते असे की, त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच पेढीच्या यंत्रणेने आपण होऊन ९७ ई-मेल पाठवले होते, आणि त्यांत त्या जुन्या कार्यक्रमाच्या नावासकट गडबडीचा उल्लेख होता. ते पत्र म्हणजे धोक्याची घंटा आहे, असे कुणाला वाटले नाही. यंत्राने सांगितले होते. ऐकायला माणूस नव्हता.

दुसरी हकीकत आपल्या अनेकांच्या स्मरणात असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरचे कॉम्प्युटर निळे पडायला लागले. विमानतळांवरचे फलक विझले, आणि आपल्याकडे काही विमानतळांवर तर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कुणाला वाटले हल्ला झाला. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने एक छोटीशी फाइल जगभर पाठवली होती. ती ७८ मिनिटांत मागे घेतली. पण तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली होती. कारण ऐकाल तर हसू येईल. नव्या फाइलच्या नमुन्यात २१ रकाने होते. ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमला २० च मिळत होते. एकविसावा वाचायला गेला आणि कोसळला. चाचण्या झाल्या नव्हत्या असे नाही. पण चाचणीत त्या एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण घातलेली असल्याने तो रकाना खरोखर वाचून पाहण्याची वेळच आली नव्हती. फाइल तपासणारे जे आपोआप चालणारे साधन होते, त्यातही दोष निघाला. आणि ती आधी थोड्या गिऱ्हाइकांना देऊन मग सर्वांना देण्याऐवजी सगळ्यांना एकदम दिली गेली. म्हणजे पहिली चकली न चाखता सगळा घाणा कढईत!

एवढे झाल्यावर आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. ती चाचणीच्या धंद्यात दोन दारांनी शिरली आहे. एका दाराने ती तपासनीस म्हणून आली, आणि दुसऱ्या दाराने परीक्षार्थी म्हणून.

तपासनीस म्हणून ती कामाची आहे यात शंका नाही. अर्जाचे वर्णन तिला दिले की ती चुटकीसरशी पन्नास चाचण्या लिहून देते. पडद्यावरचे बटण डावीकडून उजवीकडे गेले की जुनी साधने 'बटण सापडत नाही' म्हणून अडून बसत. नवी साधने ते शोधून पुढे जातात. पण यातच मेख आहे. बटण सरकवले होते की चुकून सरकले होते? शोधून पुढे जाणारे साधन दुसऱ्या खेपेस खरा दोषच झाकून टाकील. शिवाय आता पुष्कळ ठिकाणी प्रोग्रॅमही कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते आणि त्याची चाचणीही तीच लिहिते. ज्याने धडा चुकीचा वाचला त्यालाच प्रश्नपत्रिका काढायला आणि उत्तरे तपासायला बसवले तर शंभरपैकी शंभर गुण पडणारच! त्यात लबाडी नसते. समजूतच मुळात चुकलेली असते, आणि दोन्हीकडे सारखीच चुकलेली असते.

परीक्षार्थी म्हणून ती आणखी अवघड. जुना प्रोग्रॅम बेरजेसारखा होता. दोन आणि दोन दिले की रोज चार यायचे, आणि पाच आले तर चूक. आता कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जी बोलकी यंत्रे बसवली आहेत, त्यांना तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळ्या शब्दांत उत्तरे मिळतात. त्यातले बरोबर कोणते हे ठरवायचे कशाशी ताडून?

बोलक्या यंत्राच्या बडबडीचे काय होते त्याची साक्ष कॅनडात मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजी वारल्याने तातडीने निघालेल्या एका गृहस्थाने एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यंत्राला विचारले की, घरात मृत्यू झाला असता मिळणारी सवलत कशी मिळते? यंत्राने सांगितले, आत्ता पूर्ण पैसे भरा, ९० दिवसांत अर्ज करा, फरक परत मिळेल. कंपनीचा खरा नियम अगदी उलट होता. गृहस्थाने पैसे मागितले तेव्हा कंपनीने नकार दिला. तंटा निवाड्याला गेल्यावर कंपनीने जो बचाव मांडला त्याचा अर्थ असा होत होता की, ते यंत्र हीच एक स्वतंत्र व्यक्ती आहे आणि तिच्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने हे फेटाळले आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम लहान, पण निवाडा मोठा. दुकानातला पोपट बोलला तरी शब्द दुकानदाराचाच.

मग अशा यंत्राची परीक्षा घ्यावी कशी? १९९८ साली टी. वाय. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी आणि सुंदर वाट दाखवली होती, ती आता उपयोगी पडते आहे. बरोबर उत्तर काय ते ठाऊक नसले, तरी दोन उत्तरांत नाते काय असावे ते आपल्याला ठाऊक असते. कर्जाचा एक अर्ज घ्या. पगार, वय, परतफेडीचा इतिहास सारे तसेच ठेवा आणि फक्त नाव बदला. पुरुषाच्या जागी बाईचे, एका आडनावाच्या जागी दुसरे. उत्तर बदलता कामा नये. बदलले तर यंत्र भेद करते आहे. ही केवळ कल्पना नव्हे. अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी असे एक यंत्र बनवले होते. दहा वर्षांचे जुने अर्ज पाहून ते शिकले, आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे असल्यामुळे, अर्जात 'महिलांचा' हा शब्द आला की गुण कमी करायला शिकले. कंपनीने ते सोडून दिले. २०१८ साली ही बातमी बाहेर आली. अशा चाचण्या सुचायला यंत्राचे ज्ञान लागतेच, पण जगात कुणाला कुठे कसे डावलले जाते त्याचेही ज्ञान लागते. ज्या मुलीला स्वतःला कधी तरी डावलले गेले असेल तिला ते लवकर सुचेल.

आणि आपल्या भाषेचे काय? समजा, एका बँकेच्या बोलक्या यंत्राला एखाद्या आजीबाईंनी मराठीत विचारले, "परवाच्या हप्त्याचे काय झाले?" परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा? आपल्याला बोलण्याच्या ओघात कळते. यंत्राला कळते का, हे कुणी तरी मुद्दाम विचारून पाहिले पाहिजे. रक्कम देवनागरी आकड्यांत लिहिली तर? लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदललेल्या बाईंचे जुने आणि नवे खाते यंत्र एकाच व्यक्तीचे मानते का? असे प्रश्न मराठी घरात वाढलेल्या माणसाला आपोआप सुचतात. इतरांना ते सांगावे लागतात.

तरीही कुणी म्हणेल, झाल्या चुका, बुडाले पैसे. कंपन्यांचे प्रश्न कंपन्या पाहून घेतील. आपल्याला त्याचे काय? त्याचे उत्तर इंग्लंडच्या टपाल खात्यात आहे.

१९९९ पासून तेथल्या पोस्ट ऑफिसांत होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा बसवण्यात आली. खेड्यापाड्यांतली टपाल कचेरी तिथे बहुधा एखादे दुकानदार कुटुंब चालवते. त्यांत आपल्या देशातून तिकडे गेलेलीही अनेक. संध्याकाळी हिशेब जुळवताना यंत्र तूट दाखवू लागले. कधी शेकडो पौंडांची, कधी हजारो. पोस्टमास्तरांनी फोन करून सांगितले, की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. यंत्रात काही बिघाड असेल. कित्येकांना उत्तर मिळाले की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. लोकांनी घरे गहाण टाकून तूट भरली. ज्यांना भरता आली नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. २०१० साली एका गरोदर स्त्रीला पंधरा महिन्यांची कैद झाली. तिच्या घरच्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना आपल्यासारख्या अब्रूला जपणाऱ्या माणसांना सहज करता येईल.

तेथल्या कायद्याने या माणसांची बाजू आणखी लंगडी केली. कॉम्प्युटर नीट चालत होता हे पुराव्याने दाखवण्याची अट २००० सालापासून निघून गेली होती. यंत्र बरोबरच असणार असे कोर्टाने धरून चालायचे, आणि चूक असेल तर आरोपीने दाखवायची. टपाल कचेरीतल्या बाईने यंत्राच्या पोटात हात घालून ते कसे दाखवावे? शेवटी अ‍ॅलन बेट्स या पोस्टमास्तरांच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र आले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की यंत्रणेत दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीच्या आत ठाऊक असलेल्या दोषांची यादीही ठेवलेली होती! एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून उरलेल्या शेकडो जणांवरचा कलंक एकदम पुसावा लागला. तोवर काही जण हयात नव्हते.

या साऱ्या हकीकती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. यांतल्या कित्येकांत दोष मुळी अज्ञात नव्हता. ९७ ई-मेल आलेले होते. दोषांची यादी तयार होती. चाचणीचे काम दोष सापडला की संपत नाही. तो सापडल्यावर 'थांबा, हे बाहेर जाऊ देता येणार नाही' असे कुणी तरी म्हणावे लागते, आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी ते ऐकावे लागते. नवी साधने दोष अधिक भराभर शोधून देतील. पण हजार दोषांच्या यादीतला कोणता दोष एखाद्या गरिबाच्या घराची राख करील, हे ओळखायला माणसाची काळजी लागते. आणि वरिष्ठांपुढे उभे राहून ते सांगायला धीर लागतो.

तेव्हा ठाण्याच्या भगिनींनो, तुमचे व्याही अर्धे बरोबर आहेत. याद्या घेऊन खुणा करण्याचे जे काम आहे ते राहायचे नाही. त्यातले पुष्कळसे आधीच गेले आहे, आणि तेवढ्यावरच ज्यांची नोकरी आहे त्यांना चिंता वाटली तर ती खोटी नाही. त्यांची समजूत नुसत्या गोड बोलण्याने घालू नये. तुमच्या मुलीने प्रोग्रॅम वाचायला आणि लिहायला शिकावे, ही नवी साधने हाताळायला शिकावे, आणि ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर तयार होते तो धंदा, मग तो बँकेचा असो, विम्याचा की इस्पितळाचा, मुळापासून समजून घ्यावा. कारण 'हे असे असायला हवे का?' हा प्रश्न धंदा कळल्याशिवाय विचारता येत नाही. आणि तुम्ही घरच्यांनीही एक करावे. ती मोडण्याचे काम करते म्हणून ते बांधण्याच्या कामाहून हलके, असे मानू नये. पुलावरून पहिली गाडी जाण्याआधी त्यावर वजने ठेवून पाहणारा माणूस पूल पाडायला आलेला नसतो.

बाकीच्या वाचकांनाही या गोष्टीतून घेण्यासारखे आहे. घरचे दुकान असेल आणि बिलाचे नवे सॉफ्टवेअर घ्यायचे असेल, तर ते आधी एकाच काउंटरवर चालवा आणि महिनाभर जुनी वही बंद करू नका. दोन्हींचा मेळ रोज संध्याकाळी घाला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्या दुकानदारांनी रात्रीच दोन-चार खोटी बिले करून, आदल्या दिवशी विकलेला माल परत आला तर यंत्र कोणता दर लावते ते पाहून घेतले असेल, त्यांनी टेस्टिंगचा वर्ग न लावताच टेस्टिंग केले. बँकेच्या किंवा कंपनीच्या यंत्राने काही आश्वासन दिले तर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. आणि 'सिस्टीममध्ये असेच दाखवते' असे खिडकीतल्या माणसाने सांगितले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा, "सिस्टीम तपासणारे कोण आहेत? त्यांच्यापर्यंत माझी तक्रार लेखी पोचवा." यंत्राला अब्रू नसते, आपल्याला असते, म्हणून संशयाचा फायदा आधी माणसाला मिळाला पाहिजे.

ऐन दिवाळीत ज्या घरची मुले-मुली 'रिलीज आहे' म्हणून रात्रपाळीला बसली असतील, त्यांच्या वाटणीचा फराळ तेवढा डब्यात झाकून ठेवावा. सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.